कोनाड्यात मावलेला घुमट

परवा माझ्या भाचीनं नव्या फ्लॅटचा नकाशा माझ्यापुढे जेवणाच्या टेबलावर पसरला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, चपला काढायला कशीबशी पुरेल एवढी जागा, आणि स्वयंपाकघराच्या बाहेर भिंतीत आत गेलेला एक चौकोन. त्या चौकोनावर बारीक अक्षरात छापलं होतं, ‘डायनिंग अल्कोव्ह’. ‘मामा, हे काय असतं रे? एक्स्ट्रा रूम आहे का?’ तिनं विचारलं. मी म्हटलं, खोली नाही, पण खोलीसारखं काहीतरी असावं. बिल्डरनं मात्र पैसे खोलीच्या हिशेबानंच लावले असतील!

ती हसली आणि विषय तिथंच संपला. पण माझ्यासारख्या जन्मभर इतिहास शिकवलेल्या माणसाला असा शब्द एकदा टोचला की स्वस्थ बसवत नाही. अल्कोव्ह म्हणजे काय? कोनाडा म्हणावं, तर कोनाड्यात पणती मावते, फार तर गणपती मावतो. माणूस काही मावत नाही. देवळी त्याहून लहान. सांदीकोपरा म्हणावं तर त्यात अडगळीचा वास येतो. आडोसा हा शब्द जवळचा आहे, पण आडोसा कशाचाही होतो, झाडाचा, पदराचा, उघडलेल्या छत्रीचा. अल्कोव्ह ही मोठ्या खोलीच्या पोटातली, तीन बाजूंनी बंद आणि चौथ्या बाजूनं उघडी अशी जागा असते. तिथं बसलेला माणूस खोलीत असतोही आणि नसतोही. आपल्या इराणी हॉटेलांतली ती पडदेवाली ‘फॅमिली रूम’ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल.

शब्द इंग्रजी वाटतो. त्यात ‘कोव्ह’ आहे, आणि इंग्रजीत कोव्ह म्हणजे समुद्राची जमिनीत आत शिरलेली छोटी खाडी. जुन्या इंग्रजीत तर याच शब्दाचा अर्थ आतली लहान खोली असा होता. त्यामुळे अल्कोव्ह याच घरातला, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण हे आडनाव सारखं असलेल्या दोन कुटुंबांसारखं आहे. नातं काहीच नाही. खरी खूण आहे ती सुरुवातीच्या ‘अल्’मध्ये.

हा ‘अल्’ अरबीतला, इंग्रजीतल्या ‘द’सारखा. अल्जिब्रा, अल्कोहोल हे शब्द तो घेऊनच युरोपात गेले. आपणही तो रोज वापरतो. ‘अलबत’ म्हणतो तेव्हा त्यातला ‘अल’ तोच असतो. (अलमारीतला ‘अल’ मात्र नकली आहे बरं का. ती पोर्तुगीजांच्या ‘आर्मारियु’वरून आली आणि मूळ लॅटिन आहे. ‘अल’ दिसला की अरबी, असा नियम कोणी करू नये.) अल्कोव्ह या शब्दाचं मूळ आहे ‘अल्-कुब्बा’. आणि कुब्बा म्हणजे काय? घुमट! जेरुसलेमचा तो सोनेरी घुमट, खलिफा अब्द अल-मलिकच्या काळात इ.स. ६९१-९२ मध्ये पुरा झालेला, त्याचं अरबी नावच मुळी ‘कुब्बत अस्-सख्रा’, म्हणजे खडकावरचा घुमट. आता सांगा, विजापूरच्या गोल घुमटाखाली उभं राहून कुजबुज ऐकलेल्या माणसानं ‘डायनिंग अल्कोव्ह’मध्ये घुमट कसा शोधायचा?

हा घुमट कोनाड्यात कसा मावला, त्याची गोष्ट आज सांगायची आहे. गोष्ट अरबस्तानातून स्पेनला, तिथून पॅरिसला आणि मग लंडनला जाते. वाटेत तिला दोन बाया भेटतात. त्यांच्यासाठीच खरं तर मी हा विषय घेतला.

कुब्बा आधी दगडाचा नव्हता. वाळवंटात दगडी घुमट कोण बांधणार? इस्लामच्याही आधीच्या अरब टोळ्यांमध्ये कुब्बा म्हणजे कमावलेल्या चामड्याचा, वर गोलाकार असलेला तंबू. साधे लोक शेळीउंटांच्या केसांच्या विणलेल्या तंबूत राहत. चामड्याचा कुब्बा हा मानाचा, एखाद्या सरदाराचा किंवा देवाचा असे. तांबड्या चामड्याचा असला तर मान आणखी मोठा.

ताइफजवळ उकाझ नावाच्या ठिकाणी वर्षातून एकदा मोठी जत्रा भरत असे. उंट, खजूर, कातडी यांची खरेदी-विक्री चाले, टोळ्यांची जुनी भांडणं मिटत आणि नवी सुरू होत. आणि तिथं कवी येत. सहाव्या शतकातला प्रख्यात कवी अन्-नाबिघा याच्यासाठी त्या जत्रेत तांबड्या चामड्याचा कुब्बा उभारला जाई, असं अरबी परंपरा सांगते. तो आत बसे, कवी एकामागून एक येऊन आपली रचना म्हणत, आणि कोणाची कविता सरस हे तो ठरवी. त्याच्या तोंडून शब्द पडला की त्या कवीची टोळी वर्षभर मान वर करून चाले.

एका वर्षी त्या कुब्ब्यापुढे एक बाई उभी राहिली. तिचं नाव तुमादिर, पण जग तिला अल-खन्सा या नावानं ओळखतं. टोळीयुद्धात तिचे दोन भाऊ गेले होते, आणि त्या भावांवरच्या तिच्या शोककविता अरबी साहित्यात आजही अग्रगण्य मानल्या जातात. ती म्हणून थांबली. नाबिघा खूश झाला. परंपरा अशी सांगते, की त्याच्या मते तिच्याआधी एक दुसरा बुजुर्ग कवी म्हणून गेला नसता, तर त्या दिवशीचा पहिला मान तिचाच होता. यावर तिथं हजर असलेला हस्सान नावाचा कवी चिडला आणि नाबिघाशी वाद घालू लागला. हा प्रसंग जसाच्या तसा घडला की पुढच्या ग्रंथकारांनी त्याला मीठमसाला लावला, याची खात्री आज कोणी देणार नाही. पण अरबांनी ही गोष्ट शतकानुशतकं सांगितली, एवढं खरं. एवढं लक्षात ठेवू या की कुब्बा पुरुषाचा आहे, न्याय आतून होतो आहे आणि बाई बाहेर उन्हात उभी आहे.

पुढे इस्लामी राज्यं आली, शहरं वसली आणि तंबू दगडविटांचे झाले. कुब्बा म्हणजे घुमट, घुमट असलेली इमारत, साधुपुरुषाची घुमटाखालची समाधी आणि घुमटाखालची खोली, असे एकेक अर्थ चिकटत गेले. आपल्याकडच्या ‘मकबरा’शी मात्र त्याचा संबंध जोडू नये. मकबरा कबरीवरून आला, धातू वेगळा. सिसिलीत पालेर्मो शहरात नॉर्मन राजा दुसरा विल्यम यानं ११८० साली बांधलेला एक विलासमहाल आहे. राजा ख्रिस्ती, पण माथ्यावरचा शिलालेख अरबी, आणि महालाचं नाव ‘कूबा’. क्युबा देशाचा इथं काही संबंध नाही, हे सिगारप्रेमींच्या माहितीसाठी.

पण आपल्याला जायचं आहे स्पेनला. इ.स. ७११ मध्ये अरब आणि बर्बर फौजा तिथं उतरल्या आणि १४९२ साली ग्रानाडा पडलं. या जवळजवळ आठशे वर्षांत स्पॅनिश भाषेनं अरबी शब्द मूठमूठभर उचलले. साखरेला ते ‘आसूकार’ म्हणतात, कापसाला ‘आल्गोदोन’, उशीला ‘आल्मोआदा’, तिन्ही अरबी. (साखर तर अरबांनी आपल्याच शर्करेवरून घेतली होती.) आणि ज्या खोलीत ती उशी ठेवायची, त्या खोलीला स्पॅनिशमध्ये म्हणतात ‘आल्कोबा’. तोच आपला अल्-कुब्बा! आता अर्थ झाला निजायची खोली.

घुमटाची शेजघर ही घसरगुंडी झाली कशी? ग्रानाडाच्या अलहंब्रा राजवाड्यात गेलं की थोडा अंदाज येतो. तिथं ‘दोन बहिणींचा दिवाणखाना’ म्हणून एक दालन आहे. नाव ऐकून आपण लगेच दोन राजकन्यांची गोष्ट शोधायला लागतो; पण या बहिणी म्हणजे जमिनीत बसवलेल्या संगमरवराच्या दोन मोठ्या सारख्या लाद्या आहेत. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात, पाचव्या मुहंमदाच्या काळात हे दालन उभं राहिलं, तेव्हा त्याचं नाव होतं ‘अल्-कुब्बा अल्-कुब्रा’, थोरला कुब्बा. वर पाहिलं तर मधाच्या पोळ्यासारखा घुमट, पाच हजारांहून अधिक छोटे छोटे तुकडे जोडून केलेला. आणि दोन्ही बाजूंना लहान, आत गेलेल्या खोल्या. घुमट कितीही भव्य असला तरी माणसाला झोप यायला तीन बाजूंनी भिंत लागते. मोठ्या दालनाला लागून असलेली, छत असलेली अशी लहान जागा, तीही आल्कोबाच. हळूहळू भव्यपणा गळून पडला आणि अंथरूण तेवढं राहिलं.

आता पॅरिस. इथं मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे.

१५८८ साली रोममध्ये एक मुलगी जन्मली, काथरीन द व्हिव्हॉन. बाप फ्रेंच वकील, आई इटालियन उमरावाच्या घरातली. वयाच्या बाराव्या वर्षी, १६०० साली तिचं लग्न झालं आणि पुढे ती मार्कीझ द रांबूये झाली. चौथ्या हेन्री राजाच्या दरबारात शिवराळ भाषा, धक्काबुक्की आणि शिकारीच्या गप्पा यांना ऊत आला होता. ही बाई लवकरच त्याला विटली आणि तिनं दरबारी जाणंच टाकलं. दरबारात जात नाही, मग लोकांना घरी बोलवू, असं तिनं ठरवलं. लूव्र राजवाड्याजवळच्या गल्लीत वडिलोपार्जित घर होतं. ते तिनं स्वतः नकाशा काढून नव्यानं बांधून घेतलं. जिना मधोमध असायचा तो तिनं एका बाजूला ढकलला, म्हणजे खोल्या एकीतून एक उघडत गेल्या. खिडक्या जमिनीपासून छतापर्यंत नेल्या. आणि त्या काळी श्रीमंतांच्या भिंती तांबड्या नाहीतर तपकिरी असताना आपली खोली तिनं निळी केली. ‘निळी खोली’ याच नावानं ती फ्रान्सच्या इतिहासात गेली.

पस्तिशीच्या सुमाराला तिला एक विचित्र दुखणं लागलं. शेकोटीची धग अंगाला लागली की अंगाचा दाह व्हायचा, घेरी यायची. उन्हाचंही तेच. पॅरिसच्या थंडीत शेकोटीशिवाय बसणार कसं? तालमां दे रेओ या तिच्या ओळखीतल्या लेखकानं लिहून ठेवलंय, की म्हणून तिनं स्पॅनिश लोकांकडून आल्कोव्हची कल्पना उसनी घेतली, आणि मग पॅरिसभर त्यांची फॅशन झाली. खोलीच्या टोकाला, शेकोटीपासून दूर, भिंतीत आत गेलेली जागा. तिथं तिचा पलंग. लोकांनी शेकायचं तर बाहेरच्या खोलीत जाऊन शेकावं. फार गारठा असला की ती पाय अस्वलाच्या कातड्याच्या पिशवीत घालून पलंगावरच बसून राही. शब्दांच्या इतिहासात एखादा शब्द कोणत्या घरात, कोणाच्या दुखण्यामुळे रुजला, हे इतक्या नेमकेपणानं क्वचितच सापडतं.

आणि त्या पलंगाभोवती कोण जमत? पलंग आणि भिंत यांच्यामधल्या बोळाला फ्रेंचमध्ये ‘रुएल’ म्हणजे गल्ली म्हणत. त्या गल्लीत खुर्च्या टाकून सरदार बसत, आणि त्यांच्याच शेजारी दारूच्या व्यापाऱ्याचा मुलगा असलेला कवी व्हात्यूर बसे. १६३५ साली स्थापन झालेल्या फ्रेंच अकादमीचे कित्येक सदस्य इथले नेहमीचे. कॉर्नेयनं आपलं ‘पोलिअक्त’ हे नाटक रंगभूमीवर यायच्या आधी इथं वाचून दाखवलं. मंडळींना ते पसंत पडलं नाही आणि ही वाईट बातमी त्याच्या कानावर घालायचं काम व्हात्यूरच्या गळ्यात पडलं. (नाटक पुढे चांगलं गाजलं. निळी खोलीही चुकत असे!) बोस्यूए हा पुढे नामांकित झालेला धर्मोपदेशक सोळा वर्षांचा असताना त्याच्याकडून रात्री उशिरा, आयत्या वेळी दिलेल्या विषयावर प्रवचन करवून घेतलं, तेही इथंच. एकदा अकादमीत फ्रेंचमधला ‘कार’, म्हणजे ‘कारण’, हा बिचारा शब्द म्हातारा झाला, काढून टाका, असा वाद निघाला, तेव्हा त्या शब्दाची बाजू व्हात्यूरनं मार्कीझच्या मुलीला लिहिलेल्या पत्रातून लढवली. शब्द वाचला, फ्रेंच लोक आजही तो वापरतात.

आता उकाझची जत्रा आठवा. तिथं आत कवी बसला होता आणि बाहेर बाई उभी होती. हजार वर्षांनी, त्याच शब्दाच्या छपराखाली बाई आत बसली आहे आणि कवी आपली चोपडी घेऊन तिच्यापुढे आहेत. असं काही ठरवून झालेलं नाही. ना त्या मार्कीझला अल-खन्सा माहीत होती, ना तिला आपल्या पलंगाची जागा अरबी आहे याची कल्पना. पण मला ही गोष्ट दिसली, त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो.

बाई आत बसली याचं एवढं अप्रूप का? कारण बाकी सगळी दारं बंद होती. विद्यापीठात मुलींना प्रवेश नाही. लॅटिन शिकवायचं ते मुलग्यांना. अकादमीत चाळीस खुर्च्या, सगळ्या पुरुषांच्या. तिथं पहिली बाई, मार्गेरित युर्सनार, निवडून आली १९८० साली. तीनशे पंचेचाळीस वर्षांनी. आपण हसू नये. आपल्याकडे पहिलं ग्रंथकार संमेलन १८७८ साली पुण्यात भरलं, आणि अध्यक्षपदी पहिली स्त्री, कुसुमावती देशपांडे, यायला १९६१ साल उजाडलं. तेव्हा ज्यांना सभागृह नाही, त्यांनी पलंगाशेजारची गल्ली वापरली.

मार्कीझचं पाहून इतर बायकांनीही आल्कोव्ह केले. लहान घरांतल्याही, मध्यमवर्गातल्याही. तिथं नियमानं जाणाऱ्या पुरुषांना ‘आल्कोव्हिस्त’ असं नावच पडलं. सोमेझ नावाच्या लेखकानं या बायकांचा एक कोशच काढला, १६६१ मध्ये. त्यात एक हकीकत आहे. काही बायका एकत्र बसल्या आणि म्हणाल्या, आम्हाला लिहिताना शुद्धलेखनाची भीती वाटते, कारण शब्दांत न उच्चारली जाणारी अक्षरं खच्चून भरली आहेत. लॅटिन येणाऱ्यांना ती कळतात. आम्ही काय करायचं? मग त्यांनी एकेक शब्द घेऊन फालतू अक्षरं छाटायला सुरुवात केली. डोकं या अर्थाच्या फ्रेंच शब्दात मध्ये एक मुका ‘एस’ होता, तो त्यांनी काढला. पंडित हसले. १७४० साली अकादमीनं आपल्या कोशाची नवी आवृत्ती काढली, तेव्हा तोच मुका ‘एस’ शेकडो शब्दांतून अधिकृतपणे हद्दपार झाला. हे त्या बायकांमुळेच झालं असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. सुधारणा मागणारे इतरही होते. पण त्यांनी ते ऐंशी वर्षं आधी मागितलं होतं. आपल्याकडे १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, तेव्हा ज्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला, त्यांना या बायकांचं म्हणणं चटकन पटेल.

मात्र हसणाऱ्यांत एक मोठा माणूस होता. नोव्हेंबर १६५९ मध्ये मोलिएरनं एक छोटं प्रहसन रंगभूमीवर आणलं, त्याचा विषयच या नखरेल बोलणाऱ्या बायका. गावाकडून पॅरिसला आलेल्या दोन मुली साध्या स्थळांना नकार देतात, कारण त्यांना अलंकारिक बोलणारा नवरा हवा. मग नाकारलेले तरुण आपल्या नोकरांना सरदार म्हणून पाठवतात आणि मुली फसतात. नोकराची भूमिका खुद्द मोलिएरनं केली. प्रहसन फर्मास आहे आणि त्या बायकांच्या बोलण्यात अतिरेक होता, हेही खरं. पण झालं असं, की लोकांच्या स्मरणात प्रहसन राहिलं आणि शुद्धलेखन सुधारायला बसलेल्या बायका गेल्या. आता फ्रेंचमध्ये ‘आल्कोव्हची गुपितं’ म्हणजे कोणाचं कोणाशी काय चाललंय, त्याच्या चवीनं केलेल्या चर्चा. पलंग तेवढा लक्षात राहिला. त्याभोवतीच्या खुर्च्या विसरल्या गेल्या.

मार्कीझ १६६५ साली वारली. तिचं घर, ती गल्ली, काहीच आता नाही. लूव्रच्या विस्तारात ते सगळं गडप झालं.

इंग्रजीत हा शब्द फ्रेंचांकडून गेला तो १६७० च्या दशकात. इंग्रजांनी त्याला घरातून बागेत नेलं. लंडनच्या केन्सिंग्टन बागेत १७०५ साली ख्रिस्तोफर रेननं, सेंट पॉल कॅथीड्रल बांधणाऱ्या त्याच रेननं, अ‍ॅन राणीसाठी असाच एक मोठा विटांचा अल्कोव्ह उभारला. तो आजही आहे, फक्त जागा बदलून. पण बदनामी त्याच्याबरोबर बागेतही गेली. अलेक्झांडर पोपनं १७३३ च्या एका कवितेत क्लिव्हडेनच्या अल्कोव्हचा उल्लेख केला, तो बकिंगहॅमचा ड्यूक आणि श्रूजबरीची काउंटेस यांच्या प्रकरणाची आठवण करून देत. १६६८ च्या जानेवारीत ड्यूकनं काउंटेसच्या नवऱ्याला द्वंद्वात जबर जखमी केलं आणि दोन महिन्यांनी तो गेला. पुढे लोकांनी कथा रचली की काउंटेस मुलग्याचा वेष करून ड्यूकचा घोडा धरून उभी होती. इतिहासकार ती कथा खरी मानत नाहीत. तलवार पुरुषाच्या हातात होती, तरी कथेत घोडा बाईच्याच हाती द्यायचा!

पुढचा प्रवास झटपट सांगतो. अल्कोव्ह ग्रंथालयांत गेले, उपाहारगृहांत गेले. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजच्या खाणावळीत भिंतीलगत असे अल्कोव्ह होते. १९३० च्या दशकात तिथल्या पहिल्या क्रमांकाच्या अल्कोव्हमध्ये स्टालिनविरोधी डावे बसत आणि दुसऱ्यात स्टालिनचे समर्थक. गरीब ज्यू घरांतली हुशार मुलं, घरून आणलेलं सँडविच खात दिवसभर वाद घालत. आयर्व्हिंग क्रिस्टल, डॅनिएल बेल, नेथन ग्लेझर हे पुढचे नामवंत त्या पहिल्या अल्कोव्हचे. तिथं मुली नव्हत्या. कॉलेजच्या कला शाखेचं दार त्यांना १९५१ साली उघडलं.

आणि शेवटी हा शब्द येऊन पोचला आमच्या भाचीच्या नकाशावर, सहा फूट बाय सात फूट.

या सगळ्या शोधात मला सारखी आमची सदाशिव पेठेतली दोन खोल्यांची जागा आठवत होती. वाड्यातली. आम्ही सहा माणसं. माझी आई लग्न होऊन आली तेव्हा आठवीपर्यंत शिकलेली. मी दुसरी-तिसरीत असताना तिनं बाहेरून मॅट्रिकला बसायचं ठरवलं. अभ्यासाला जागा कुठे? ओसरीवर आजोबा आणि त्यांच्याकडे येणारे. आतल्या खोलीत चूल, देव आणि आम्ही. जिन्याच्या खाली, कपाटाच्या आड, एक माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा होती. तिथं पडदा लावायचा होता, पण घरमालकांनी भिंतीत खिळे ठोकायला साफ नकार दिला. वाड्याची भिंत मातीची, ढासळेल म्हणाले. मग आईनं खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत सुतळी बांधली आणि त्यावर जुनं नऊवारी टाकलं. रात्री आमची निजानीज झाली की त्या लुगड्यामागे कंदिलाचा उजेड दिसायचा, आणि तिचं भूमितीचं प्रमेय पुटपुटणं ऐकू यायचं. कपाट कोणी उघडलं की पडदा खाली. ती उठायची, पुन्हा बांधायची. पहिल्या खेपेला गणितात राहिली, दुसऱ्या खेपेला पास झाली.

आता ती नव्वदीला टेकली आहे. गेल्या महिन्यात तिला भाचीचा फ्लॅट दाखवायला नेलं. लिफ्टचं कौतुक झालं, गॅलरीतून टेकडी बघून झाली. भाची उत्साहानं सांगत होती, आजी, इथं टेबल येईल, इथं फ्रिज. आई त्या अल्कोव्हपाशी थांबली. काठी भिंतीला टेकवून ठेवली, आत गेली, तिन्ही भिंतींना हात लावून पाहिला. मग भाचीकडे वळून तिनं हळूच विचारलं, ‘इथं खिळे ठोकू देतात का गं?’